उघाडीवरचा सांगाती

माणखारच्या बांधावर आता एकच चूल पेटते, ती शालन घरतची. बाकीचं गाव दोन वर्षांपूर्वी उठलं. समुद्र चढत चालला, दर उधाणाला पाणी ओट्यापर्यंत यायला लागलं, तेव्हा सरकारने टेकडीपलीकडे पक्की घरं बांधून दिली आणि लोक भांडीकुंडी, देव आणि कोंबड्या घेऊन निघून गेले. शालन गेली नाही. "बांध सोडून पळतात, भित्रे कुठचे!" असं ती ट्रक भरत असताना सगळ्यांदेखत म्हणाली, आणि ते तिच्या मोठ्या जावेला, गोमतीअक्काला, उद्देशून होतं हे न कळण्याइतकं कुणी खुळं नव्हतं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

गाव गेलं तरी शेतं तिथंच राहिली. खाडीच्या कडेने लांबच लांब मातीचा बांध, बांधाच्या आत भात, आणि बांधात पाच उघाड्या. उघाडी म्हणजे बांधातलं झडपेचं दार. ओहोटीला ते उघडायचं, शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती चढायच्या आत घट्ट लावून घ्यायचं. भलत्या वेळी उघडं राहिलं तर समुद्रच आत शिरतो, आणि खारं पाणी प्यालेली जमीन दोन-तीन वर्षं धड काही पिकवत नाही. शालनचे सासरे ही दारं दोर ओढून उघडत. शालनच्या हाताशी मोटारी होत्या आणि पुढ्यात एक काळा पडदा.

त्या पडद्यावर चित्रं नव्हती, बटणं नव्हती. अक्षरांत आज्ञा लिहायची आणि यंत्राने ती पाळायची. माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये बसून ही आज्ञा समजून घेणारा जो दुभाषा असतो, त्याला शेल म्हणतात. शालनच्या यंत्रावरच्या शेलचं नाव होतं सांगाती.

सांगाती ज्या काळात जन्मला त्या काळात यंत्रांनी माणसाला सांभाळून घ्यावं अशी टूम होती. तो आपल्या माणसाची एकेक कळ दाबण्याची लकब शिकायचा: कुठे थबकते, कोणतं अक्षर हमखास चुकवते, चहाच्या आधी काय लिहिते आणि नंतर काय. बोटांच्या तालावरून तो शालनला ओळखत असे, त्यामुळे तिला कधी परवलीचा शब्द लागला नाही. तिने 'दार घाल' लिहिलं काय, 'लाव रे आता' लिहिलं काय, त्याला कळायचं. सकाळी पडद्यावर ओळ उमटायची, 'या शालनताई. आज काय?' आणि काम झालं की, 'झालं, शालनताई.' तिच्याशी दिवसभरात एवढंच कोणी बोलायचं. किराणा शनिवारी ड्रोन टाकून जाई, आणि ड्रोनला काही तोंड नसतं.

'आज काय?' या प्रश्नाला शालन तिथी सांगायची. घड्याळाची वेळ ती कधीच देत नसे. खाडीकाठच्या लोकांचा हिशेब सोपा होता: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. घरतांचं घर हे उघाडीचं घर, आणि उघाडीच्या घरात तिथी डोक्यात असायची. पंचांग उघडून बघणं म्हणजे आचाऱ्याने पुस्तकात बघून मीठ घालणं, असं सासरे म्हणत. गाव होतं तेव्हा सकाळी बांधावरून जाणाऱ्या बायका हाक मारून विचारत, "शालन, आज काय गो?" आणि ती हातातलं काम न थांबवता सांगे, "दशमी." सांगातीला तिने तेच शिकवलं होतं. सकाळी तिथी लिहायची, दिवसभराची दारं तो लावे-उघडी. मोटारी आल्यापासूनच्या सात वर्षांत तिचा शब्द एकदाही खाली पडला नव्हता. हे ती स्वतःशी पुष्कळदा म्हणायची, कारण दुसरं कोणी म्हणायला नव्हतं.

श्रावणात, पाऊस पंधरा दिवस न थांबता कोसळत असताना, बंदरावरच्या कचेरीतून निलोफर मुकादमचा फोन आला. निलोफर ही या सगळ्या किनाऱ्याच्या उघाड्यांची इंजिनियर. श्रीवर्धनकडची, चाळिशीची, बोलायला गोड पण कामाला कडक.

"शालनताई, वाईट वाटून घेऊ नका, पण सांगाती काढायचा."

"का? चालतोय की चांगला."

"चालतोय, पण त्याला सांभाळणारं कोणी उरलं नाही. ज्यांनी लिहिला ते पांगले. त्याच्यात एक भोक सापडलंय आणि ते बुजवायला माणूस नाही. वरच्या अंगाला एका खाडीवर कोणीतरी लांबून बसून, गंमत म्हणून, दोन दारं उघडली. उद्या तुमच्याकडे उघडतील." मग जरा थांबून ती म्हणाली, "त्याच पायावर दुसऱ्या लोकांनी नवा शेल बांधलाय, आदेश नावाचा. त्याची निगा राखली जाते. नारळी पौर्णिमेच्या उधाणाआधी बदलून टाकायचं, असं वरून आलंय."

शालनने हो म्हटलं. दाराला कुलूप नाही म्हटल्यावर कोण काय बोलणार?

बदल करायला दुपार लागली. निलोफर फोनवर सांगत होती आणि शालन लिहीत होती. सांगातीने शिकलेलं सगळं आदेशमध्ये आपोआप जाणार नव्हतं. शालनने दारांना आपली नावं दिलेली होती. प्रत्येक उघाडी ज्याच्या शेतावर उघडते त्याचं नाव. ती पाचही नावं नव्याने, हाताने लिहावी लागणार होती. 'हिरा,' तिने लिहिलं. 'बाळाराम.' तिसऱ्याला तिचं बोट अडलं.

"काय झालं? लाइन गेली का?" निलोफरने विचारलं.

"नाही. आहे," शालन म्हणाली आणि तिने लिहिलं, 'गोमती'.

तिसरी उघाडी सगळ्यांत खोलगट. गोमतीअक्काच्या शेतात पाणी आधी तुंबतं म्हणून ते दार नेहमी पहिलं उघडायचं. आषाढात लावणीला टेकडीपलीकडून बायका आल्या होत्या, त्यांत अक्काही होती. गुडघाभर चिखलात वाकून तिने एकटीने कोपरा लावला होता. शालनने तेव्हा खिडकी लावून घेतली होती आणि फटीतून बघत बसली होती.

"आदेशचा स्वभाव वेगळा आहे बरं का," निलोफर म्हणाली. "हा तुमची चूक मुकाट दुरुस्त करणार नाही. चुकलं असं वाटलं तर सांगेल, विचारेल. पण तुम्ही हो म्हणालात की जसं लिहिलं तसंच करेल."

"माझं कशाला चुकतंय?" शालन म्हणाली.

संध्याकाळी सांगातीवर शेवटची ओळ उमटली ती नेहमीचीच: 'झालं, शालनताई.' त्याला पुसलं जातंय हे कळण्याची सोय त्याच्यात नव्हती. मग पडदा कोरा झाला आणि एक चिमुकली रेघ नुसती उघडझाप करायला लागली. तिने लिहिलं, 'बरं का, आजपासून तू.' पडद्यावर आलं: 'आज्ञा समजली नाही.' शालनला एकदम रडू आलं. दोन वर्षांत ती रडली नव्हती, आणि आता एका यंत्राने ओळख दाखवली नाही म्हणून पदर डोळ्याला लावून बसली, याची तिला स्वतःलाच लाज वाटली.

पहिले काही दिवस चाचणी म्हणून कचेरीतूनच दारं चालवली गेली. सांगाती वेळा कधी दाखवायचा नाही, आदेश प्रत्येक दाराची वेळ पडद्यावर मांडायचा. शालनने त्या बघितल्या आणि नाक मुरडलं. भरती उतरून गेल्यावर आणखी दीडेक तास हे लोक दार उघडत नव्हते. कचेरीत बसणाऱ्यांना समुद्राची भीती फार, ती मनात म्हणाली. आत शेतं तुडुंब भरतायत, भाताची पातीसुद्धा बुडायला आली, आणि हे आपले घड्याळ बघत बसलेत!

मग दारं तिच्या हाती आली. त्या सकाळी ती लवकर उठली. परवाच्या नारळी पौर्णिमेसाठी ड्रोनने आणलेला नारळ देवापुढे ठेवलेला होता. गाव असताना त्या दिवशी वाजतगाजत सगळे बांधावर यायचे आणि पहिला नारळ उघाडीच्या घराचा असायचा. गेल्या वर्षी तिने एकटीने वाहिला होता, आणि खाडीने तो दोनदा परत तिच्या पायाशी आणला होता.

तिने अंगठा टेकवला, परवलीचा शब्द लिहिला, आणि आज्ञा दिली: तिथी तेरस, दिवसाचं वेळापत्रक लाव.

पडद्यावर उत्तर आलं: 'दिलेली तिथी मोजपट्टीच्या पाण्याशी जुळत नाही. सुमारे दीड तासाचा फरक. तरी लावू?'

मोजपट्टी म्हणजे खाडीच्या तोंडाशी पुरलेलं पाण्याची उंची मोजणारं यंत्र. दर पावसाळ्यात त्याच्यावर शंख-कालवं चढून बसतात आणि ते वाटेल ते सांगायला लागतं, हे शालनला पक्कं ठाऊक होतं. सात वर्षं शब्द खाली पडला नाही तो मोजपट्टीमुळे नव्हे. तिने लिहिलं, 'हो'.

'लावलं,' आदेश म्हणाला. ताई वगैरे काही नाही.

दुपारी ती ताटावरून उठते तोच भिंतीतून मोटारीची घरघर आली. तिसरं दार. बाहेर पावसाची अशी झड लागली होती की खिडकीतून बांधसुद्धा दिसत नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. निलोफर होती, आणि तिच्यामागे ढोलताशांचा गदारोळ.

"शालनताई, पहिला दिवस कसा चाललाय? जरा मोठ्याने बोला हं, इथं बंदरावर काही ऐकू येत नाही. मिरवणूक आलीये सगळी कोळीवाड्याची."

"कसली मिरवणूक?"

"कसली काय! नारळी पौर्णिमेची."

"मॅडम, ती परवा. आज तेरस."

 मग निलोफरचा आवाज आला, पार बदललेला. "ताई, आज पौर्णिमा आहे. तुम्ही काय तिथी दिलीत?"

म्हणजे बाहेर भरती अजून उतरलेलीच नव्हती. शालनने फोन तसाच टाकला. पडद्यापुढे बसून तिने लिहिलं, 'दार घाल'. 'आज्ञा समजली नाही.' तिने लिहिलं, 'लाव लाव गोमतीचं लाव'. 'आज्ञा समजली नाही.' तिच्या बोटांचा ताल ओळखणारं आता कोणी नव्हतं. शेवटी तिने निलोफरने शिकवलं होतं तसं अक्षर-अक्षर लिहिलं: 'बंद गोमती'. मग 'वेळापत्रक रद्द'. मोटार पुन्हा घरघरली.

ती तशीच धावत बांधावर गेली. बाहेरच्या अंगाला वर्षातलं सगळ्यांत मोठं उधाण बांधाच्या खांद्याला लागलेलं होतं, आणि आतल्या अंगाला अक्काच्या शेतात गढूळ पाण्यावर फेसाच्या रेघा फिरत होत्या. शालन शेतात उतरली. ओंजळभर पाणी घेऊन तिने जिभेला लावलं आणि थुंकून टाकलं. इतर चार शेतं वाचली होती. अक्काचं अर्धं शेत गेलं होतं.

निलोफरने संध्याकाळच्या आत सांगातीच्या जुन्या नोंदी वाचून काढल्या आणि फोन केला.

"ताई, जूनपर्यंत तुमची तिथी बरोबर आहे. आषाढात तुम्ही एकीने मागे पडलात, श्रावणात दोनने. सांगाती मोजपट्टी बघून रोज दुरुस्त करत होता. गेल्या पावसाळ्यातही तेच. तुम्हाला कळू दिलं नाही, कारण त्याला तसंच बनवलं होतं."

 शालनने जे विचारलं ते विचारायला तिला फार धीर करावा लागला. "म्हणजे मला... माझं डोकं चालेनासं झालंय का?"

"नाही हो. तीस तिथ्यांचा महिना साडेएकोणतीस दिवसांत संपतो. अधूनमधून एखादी तिथी सूर्योदय न बघताच निघून जाते, क्षय म्हणतात तिला. रोज एक, रोज एक असं बोटावर मोजणारा माणूस हळूहळू मागे पडणारच. आभाळ मोकळं असलं की चंद्र बघून तो आपला हिशेब नीट करतो. पण तुम्ही दोन अडीच महिने चंद्रच बघितला नाही."

"मग पूर्वी कसं चुकलं नाही? पाऊस तर पूर्वीही होता."

हे विचारता विचारताच तिला उत्तर दिसलं. बांधावरून हाक यायची, "शालन, आज काय गो?" ती म्हणायची, "दशमी." आणि दहांतली एखादी तरी थांबून म्हणायची, "दशमी कुठची, काल नवमी-दशमी एकत्र झाल्या, आज एकादशी, मी शाबू भिजवलाय." मग शालन हसून म्हणायची, "हां, तेच ते." तिला वाटायचं, गाव आपल्याला तिथी विचारतंय. गाव आपली तिथी रोज तपासून देत होतं, हे तिला आज समजलं.

"आमच्याकडेसुद्धा चाँद कोणीतरी दुसऱ्याने बघून सांगावा लागतो," निलोफर हळूच म्हणाली. "एकट्याने बसून ईद ठरत नाही. ताई, एक सांगू? नियमात बसत नाही, पण आदेशला एक जोड लावता येते. मोजपट्टी बघून तोही मुकाट दुरुस्ती करेल. कोणाला कळणार नाही. तुम्हालासुद्धा नाही. तुमचं काम राहील, बांधही राहील. लावून देऊ?"

शालनने पडद्याकडे पाहिलं. रेघ उघडझाप करत होती. तिला सांगातीची आठवण आली. रोज सकाळी या म्हणणारा, कधी उलटून न बोलणारा. दोन वर्षं तिच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावली त्याने, आणि ती तेवढ्यावर जगली.

"नको," ती म्हणाली. "तो हो हो म्हणत राहिला म्हणून तर मी आज 'हो' लिहिलं."

"मग तिथी कशी देणार?"

"बघते."

बघते म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं आणि त्याचीच तिला धास्ती होती. अक्काचा नंबर फोनमध्ये होता, पण दोन वर्षांत त्याला हात लागला नव्हता. शालनने चूल पेटवली, विझवली, दिवा लावला आणि शेवटी नंबर दाबला.

"कोन?"

"अक्का, मी शालन."

पलीकडे झांजांचा आणि पोरांचा आवाज होता. दार ओढल्यासारखं झालं आणि आवाज मागे गेला. "बोल."

"तुज्या शेतान खारा पानी शिरला. माज्या हातशी झाला. अर्धा शेत जेला."

 अक्का ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आज पुनव हाय ता मना ठाव नव्हता," शालन म्हणाली. "मी तेरस धरून बसलू."

"तुना? पुनव ठाव नाय?" अक्काच्या आवाजात रागाआधी नवल होतं. "सगला गाव तं तुना इचारायचा."

"आता कोन इचारतंय, अक्का."

  एक भाबडी आशा शालनला वाटून गेली की अक्का म्हणेल, जाऊ दे गो, होतं असं. पण भाताचं अर्धं शेत गेलेली बाई असं कशाला म्हणेल?

"नारल वायलास?" अक्काने विचारलं.

"नाय."

"पुनव अजून सरली नाय," अक्का म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

शालन उजेड होता तेवढ्यात बांधावर गेली. ओहोटी सरत आली होती. तिने हळदकुंकू लावून नारळ सोडला. या वर्षी तो परत आला नाही, पण त्याचं तिला फारसं सुख वाटलं नाही. मागे अक्काच्या शेतात कडेची पाती आताच पिवळट दिसायला लागली होती, की तो संध्याकाळचा उजेड होता, तिला सांगता आलं नसतं. बाहेरचं पाणी खाली होतं तेवढ्यात तिने आदेशला मोजपट्टीचा आकडा विचारून पाचही दारं उघडली, आणि गोमतीची उघाडी सगळ्यांत शेवटी, पुढची भरती चढायला लागली तेव्हाच लावली.

सकाळी ती पडद्यापुढे बसली. पाऊस होताच. काल पौर्णिमा होती म्हणजे आज प्रतिपदा, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तरी तिचं बोट पुढे जाईना. काल सकाळी ती तेरशीबद्दलही अशीच निःशंक होती. रेघ उघडझाप करत राहिली.

फोन वाजला. अक्काचा नंबर.

"परतिपदा," अक्का म्हणाली. कशी आहेस नाही, काही नाही. शालनने तोंड उघडायच्या आत फोन बंद झाला.

शालनने लिहिलं, 'तिथी प्रतिपदा'. आदेशने या वेळी काही विचारलं नाही. पाच नावं आणि त्यांच्या वेळा पडद्यावर लागल्या. ती फोन हातात धरून तशीच बसून राहिली. उद्या द्वितीया, हे तिला ठाऊक होतं. तरी उद्या सकाळी फोन वाजेपर्यंत ती काही लिहिणार नव्हती.